युद्धकालीन व्यंगचित्रें व सत्याची पत

पेढीची पत एकदां बुडाली म्हणजे पुढें तिची खरी हुंडीही कोणी सकारीत नाहीं, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. युद्धकाळीं चित्रें काढणारांस व काढविणारांस मात्र याचा विसर पडतो.

पहिल्या महायुद्धांत हॉलंड तटस्थ होतें. तरी तेथील लुई रामाकर्स यांनीं 'दे टेलेग्राफ' या दैनिकांत जर्मनीविरुद्ध इतकीं तिखट व्यंगचित्रें काढलीं कीं, देशाची तटस्थता धोक्यांत येते असा आक्षेप त्यांवर निघाला. १९१५ च्या अखेरीस लंडनांत त्यांचें प्रदर्शन भरलें. पुढें ब्रिटिश प्रचारखात्यानें तीं अनेक भाषांत छापून देशोदेशीं धाडलीं. सिगारेटच्या पाकिटांतूनसुद्धां तीं लोकांच्या खिशांत गेलीं!

त्या चित्रांस आधार नव्हता असें नव्हे. १९१४ च्या ऑगस्टांत बेल्जियममधील लूव्हेनचें विद्यापीठ-ग्रंथालय जाळलें गेलें, दिनां गांवीं सहाशेंहून अधिक नागरिक मारले गेले, हें निर्विवाद आहे. परंतु लेखांत 'असें समजतें' एवढें तरी म्हणतां येतें; चित्रांत संशयास जागाच नसते. राक्षसाचें तोंड रंगविलें कीं त्याच्या दाढेंतील खरा बळी कोणता व कल्पिलेला कोणता, हें पाहणारास कळत नाहीं. निरक्षरासही चित्र समजतें हा त्याचा मोठा गुण खरा. पण चौकशीचें साधन ज्यापाशीं नाहीं त्यालाच तें आधीं गांठतें.

१९१७ च्या एप्रिलांत जर्मन लोक आपल्याच सैनिकांच्या प्रेतांची चरबी काढतात, अशी बातमी लंडनच्या पत्रांनीं छापली, आणि 'पंच' साप्ताहिकानें लागलीच तिजवर व्यंगचित्र दिलें. बातमी खोटी होती. ती निराधार असल्याचें जर्मन सरकारचें म्हणणें १९२५ सालीं परराष्ट्रमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनीं पार्लमेंटांत मान्य केलें.

राष्ट्र संकटांत असतां एवढें चालावयाचेंच, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनीं पुढील हकीकत ऐकावी. १९४३ सालीं पोलंडांत विषारी वायूच्या कोठड्यांत माणसें मारलीं जात असल्याच्या वार्ता लंडनास पोंचल्या, तेव्हां ब्रिटिश संयुक्त गुप्तवार्ता समितीच्या अध्यक्षांस आठवण झाली ती त्या चरबीच्या कंडीची. आणि त्यांनीं त्या वार्तांवर अविश्वास दर्शविला. या खेपेस वार्ता खरी होती.

चित्रकारांनीं लेखणी बोथट करावी असें आमचें म्हणणें नाहीं. विशिष्ट घटनेवरील चित्राखालीं, ती वार्ता कोठून व केव्हां आली एवढें पत्रकर्त्यांनीं छापीत जावें, इतकीच सूचना आहे. तीस एका ओळीहून अधिक जागा लागणार नाहीं.