डब्बा बिघडला नव्हता: सेट-टॉप बॉक्सने शिकवलेली कारणमीमांसा



पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करताना तुम्ही संशोधन पद्धतीची पुस्तकं वाचता. चल, नियंत्रण, आधारनोंद हे शब्द पाठही होतात. पण ते प्रत्यक्षात कसे वापरायचे? आज त्यासाठी प्रयोगशाळेत जायला नको, टीव्हीखालचा केबलचा डब्बा पुरेसा आहे.

दिवाळीत मी दारव्ह्याला घरी गेले होते. आई म्हणाली, "आठ दिवस झाले, काही चॅनल चौकोन-चौकोन होऊन फुटतात." केबलवाल्या दादांनी फोनवरच निदान केलं, "डब्बा गेला ताई, नवीन घ्या." दीड हजारांचा प्रश्न होता आणि बाबा पैसे काढायला निघालेही होते. मी म्हटलं, थांबा, आधी मी बघते.

पहिली चूक माझीच

मी मेनूत गेले आणि सरळ फॅक्टरी रिसेट केलं. त्याबरोबर चॅनलची यादी पुसली गेली आणि 'होम फ्रिक्वेन्सी'सुद्धा. ही फ्रिक्वेन्सी म्हणजे डब्ब्याचा पहिला पत्ता. तिथे त्याला बाकीचे चॅनल कुठे आहेत याचा तक्ता मिळतो. दादांना फोन करून तो आकडा घेतला, टाकला आणि पुन्हा शोध लावला. आता वीसेक चॅनल यादीतच नव्हते! आधी ते फुटत तरी होते. दादा म्हणाले, "मग पॅकेज संपलं असेल."

बघा काय झालं. रिसेटने बिघाड दुरुस्त केला नाही, फक्त त्याचं रूप बदललं. आधी कोणते चॅनल फुटत होते, सिग्नल किती होता, याची एक ओळही मी लिहून ठेवली नव्हती. काहीही बदलण्याआधी आहे ती स्थिती नोंदवा, ती तुमची आधारनोंद.

डब्बा तीन कामं करतो

पहिलं, तारेतून येणारा सिग्नल पकडणं. केबलवर ८ मेगाहर्ट्झ रुंदीच्या एकेका पट्ट्यात अनेक चॅनल एकत्र बांधून पाठवतात. ६४-क्वाम पद्धतीत अशा पट्ट्यातून सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट माहिती येते. म्हणून एक पट्टा कमजोर झाला की त्यातले सगळे चॅनल एकदम जातात.

दुसरं, त्या गठ्ठ्यातून हवा तो चॅनल वेगळा काढणं.

तिसरं, परवानगी तपासणं. चॅनल कुलूपबंद येतो आणि त्याची किल्ली दर काही सेकंदांनी बदलते. तुमच्या कार्डाला परवानगी असेल तरच कुलूप उघडतं. म्हणून सेटिंग बदलून फुकट चॅनल दिसत नाहीत आणि एका ऑपरेटरचा डब्बा दुसऱ्याच्या तारेवर चालत नाही. चित्राचा आकार, एचडीएमआय की एव्ही, आवडत्या चॅनलची यादी एवढं मात्र बिनधास्त बदला.

पॅकेज संपलं तर चॅनल यादीत दिसतो आणि पडद्यावर तसा संदेश येतो. आमचे चॅनल यादीतच नव्हते. म्हणजे शंका पहिल्या कामावर.

अदलाबदल

शेजारच्या काकूंकडे त्याच ऑपरेटरचा डब्बा आहे. आमचा डब्बा त्यांच्या तारेला लावून शोध घेतला, तर सगळे चॅनल आले. त्यांचा डब्बा आमच्या तारेला लावला, तर तेच वीसेक चॅनल फुटायला लागले. डब्बा निर्दोष, दोष तारेत. यालाच नियंत्रण म्हणतात. दोन्ही बाजूंनी अदलाबदल केली म्हणूनच हे ठामपणे म्हणता येतं.

आता वहीत तक्ता केला: चॅनल, फ्रिक्वेन्सी, सिग्नलची गुणवत्ता. फुटणारे सगळे चॅनल ६०० मेगाहर्ट्झच्या वरचे निघाले. हा योगायोग नाही. साध्या आरजी-६ तारेत १०० मीटरला १०० मेगाहर्ट्झवर साधारण ६-७ डेसिबल घट होते, तर ७०० मेगाहर्ट्झवर १८ च्या आसपास. तारेत कुठे खराबी आली की आधी वरचे पट्टे मरतात.

उपाय सापडला, कारण नाही

तारेच्या वाटेवर एक स्प्लिटर होता, आतल्या खोलीतल्या जुन्या टीव्हीसाठी लावलेला. दोन फाट्यांचा स्प्लिटर साधारण साडेतीन डेसिबल खातो, म्हणजे निम्म्याहून जास्त शक्ती. दुसऱ्या फाट्याला टीव्ही नसला तरी खातोच. तो काढून तार थेट जोडली आणि सगळे चॅनल आले! घरात आनंदीआनंद. मीही वही मिटणार होते.

पण एक गोष्ट खटकली. स्प्लिटर चार वर्षांपासून तिथेच होता. मग बिघाड आठच दिवसांपूर्वी का? जे बदललंच नाही, ते बदलाचं कारण कसं असेल?

शिवाय गुणवत्तेचा आकडा अजून काठावरच होता. जुन्या अॅनालॉग केबलवर सिग्नल कमी झाला की मुंग्या दिसायच्या, हळूहळू वाढायच्या. २०११ च्या कायदादुरुस्तीनंतर डिजिटल प्रणाली टप्प्याटप्प्याने आली: मुंबई २०१२, नागपूर-पुणे २०१३, आपली छोटी गावं शेवटच्या दोन टप्प्यांत. डिजिटलमध्ये चित्र शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं आणि मग एकदम कोसळतं. म्हणून चित्र छान दिसतं एवढं पुरत नाही, कड किती दूर आहे ते मोजावं लागतं.

गच्चीवर गेले. तिथे दोन तारा पिळून, वर टेप मारून केलेला जोड होता. टेप सुटली होती आणि आतलं तांबं हिरवं पडलं होतं. आई म्हणाली, "मागच्या आठवड्यात पाणी आलं होतं न." वेळ जुळली. दादांनी येऊन नीट कनेक्टर लावला, पाच मिनिटांचं काम. मग मी मुद्दाम स्प्लिटर परत बसवला. चॅनल सगळे चालू, आणि आकडाही आधीपेक्षा बराच वर. आता कारण सापडलं असं म्हणता येतं.

हे इतकं का सांगतेय?

कारण गेल्या वर्षी प्रयोगशाळेत मी हेच केलं नव्हतं. वाचनं चुकत होती म्हणून एकाच दिवशी सेन्सर, तार आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली. वाचनं सुधारली. गाइडनी विचारलं, "कशामुळे?" मला सांगता आलं नाही. जुनी वाचनं वाचवता येतील का, हेही ठरवता येईना. महिनाभराचं काम पुन्हा केलं.

तेव्हा आजचा अभ्यास. घरातली एखादी बिघडलेली वस्तू घ्या. हात लावण्याआधी वहीत लिहा: काय होतंय, कधीपासून होतंय, आणि त्या सुमारास काय बदललं. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि दुरुस्त झाल्यावर, धोका नसेल तर, संशयिताला एकदा परत जागेवर बसवून बघा.

आमचा डब्बा अजून तोच आहे. दीड हजार वाचले, त्यातून आईने दिवाळीचे दिवे आणले.