व्यसन आणि मनोविकार : एकत्रित उपचारांची आवश्यकता

मद्य अथवा अफूजन्य पदार्थ यांचे व्यसन जडलेल्या मनुष्यास खिन्नता, चिंता किंवा निद्रानाश यांनीही ग्रासलेले असणे, ही विरळा आढळणारी गोष्ट नव्हे. या दोन व्याधी एकमेकींना पोसतात. मनाची तळमळ शमविण्यासाठी मनुष्य मद्याचा आश्रय घेतो. मद्याचा अंमल घटकाभर दिलासा देतो; परंतु तेच मद्य झोप बिघडविते आणि अंमल ओसरल्यावर उदासीनता अधिकच वाढविते. दोन्ही व्याधी एकत्र आल्या म्हणजे आत्महत्येचा धोकाही वाढतो.

तथापि पुष्कळ ठिकाणी या व्याधींच्या उपचारांची व्यवस्था अलग अलग असते. एका दारी ‘आधी दारू सोडा’ असे सांगतात, तर दुसऱ्या दारी ‘आधी मन ताळ्यावर आणा’ असे म्हणतात. ज्याचे मन वळवून घरच्यांनी त्याला कसेबसे एका दारापर्यंत आणलेले असते, तो दुसऱ्यापर्यंत बहुधा पोहोचतच नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत, मद्यविकाराने पीडित असलेल्यांपैकी शेकडा ८६ जण उपचारांवाचून राहिल्याचे आढळले.

एकत्रित उपचार म्हणजे एकच बाह्यरुग्ण विभाग, एकच केसपेपर आणि परस्परांशी विचारविनिमय करणारे वैद्य, परिचारिका व समुपदेशक. येथे पहिला प्रश्न असतो तो रुग्णाच्या सुरक्षिततेचा. दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्याने ते एकाएकी थांबविल्यास कंप सुटतो, झटके येतात आणि दोन-तीन दिवसांत भ्रमावस्थाही ओढवू शकते. अशा रुग्णास रुग्णालयात दाखल करणेच इष्ट. इतरांना औषधे व ‘ब-१’ जीवनसत्त्व देऊन, घरी ठेवून उपचार करता येतात.

दुसरा प्रश्न निदानाचा. मद्यामुळे उद्भवलेली खिन्नता मद्य सुटल्यावर काही आठवड्यांत बहुधा निवळते. जी निवळत नाही, तिच्यावर स्वतंत्र उपचार आवश्यक ठरतात. मात्र विकार तीव्र असल्यास किंवा आत्महत्येचे विचार येत असल्यास थांबून चालत नाही.

तिसरा प्रश्न औषधांचा. काही झोपेच्या गोळ्या मद्यासह किंवा अफूजन्य पदार्थांसह घेतल्यास श्वसन मंदावते. मद्याची ओढ कमी करणारे नाल्ट्रेक्झोन हे औषध, अफूजन्य पदार्थ घेत असलेल्यास दिल्यास त्याला तीव्र त्रास होतो. त्याच्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन हे औषध उपयोगी पडते. सर्व माहिती एकाच केसपेपरावर असली, तरच असे धोके टळतात.

एवढे तज्ज्ञ आणावेत कोठून, ही शंका रास्त आहे. तिचे अंशतः उत्तर गोव्यातील एका प्रयोगाने दिले. तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशनाचे प्रशिक्षण देण्यात आले. मद्यपी पुरुषांसाठी एक आणि खिन्नतेच्या रुग्णांसाठी दुसरी, अशा दोन्ही पद्धती तेच समुपदेशक वापरीत. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मद्यपान हानिकारक ठरलेल्या ३७७ पुरुषांपैकी समुपदेशन लाभलेल्या गटात तीन महिन्यांनी शेकडा ३६ जण त्या अवस्थेतून बाहेर पडले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण शेकडा २६ होते. हा फरक फार मोठा नसला, तरी मनाच्या आणि मद्याच्या तक्रारींची दाद एकाच केंद्रात लागू शकते, हे त्यावरून दिसून आले.

भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही मद्य व मादक पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारांत केला आहे. व्यसन पुन्हा उद्भवले म्हणून रुग्णाला बेइमान ठरविणे गैर होय. मधुमेह्याची साखर वाढली असता वैद्य त्याला हाकलून देत नाही, तर औषधयोजना पुन्हा तपासून पाहतो. व्यसनग्रस्ताचाही तोच हक्क आहे.