पाण्याचा उच्छ्वास

काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या बोअरच्या पाण्याला पेट्रोलसारखा वास येऊ लागला. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "भाई, उकळून घेतलं तर चालेल ना?" मी पडलो बी.ए. मराठी! कवितेतलं पाणी कळतं, बोअरचं कळत नाही. एका जाणकार स्नेह्याला गाठलं. तो म्हणाला, "मुळीच नको. ती वाफ स्वयंपाकघरातच पसरेल. आधी बोअर बंद करा."

मग माझ्याच अत्तराच्या कुपीकडे बोट दाखवून तो समजावू लागला. बूच उघडं राहिलं की अत्तर उडून जातं. पेट्रोलमधलं बेंझिन, यंत्रांच्या भागांवरचं तेल-ग्रीस काढणारं ट्रायक्लोरोएथिलिन हेही असेच उडून जाणारे. मोकळी हवा भेटली की ते पाणी सोडतात. पाणी आणि हवा यांच्यातल्या या देवघेवीचा नियम विल्यम हेन्री या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०३ साली मांडला.

शुद्धीकरणाचा मनोरा याच नियमावर चालतो. उंच नळकांड्यात प्लॅस्टिकच्या पोकळ कड्या भरतात. वरून पाणी सोडतात, खालून पंख्याने हवा. कड्यांवर पाण्याचा पातळ पापुद्रा पसरतो आणि वर जाणारी हवा त्यातले हे पदार्थ घेऊन निघते. पाण्यात लोह असेल तर कड्यांवर गंज साचतो, त्या धुवाव्या लागतात. क्षार आणि नायट्रेट मात्र अशाने हलत नाहीत.

पुणेकरांना 'उच्छ्वास' नवा नाही. पेशवाईत कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं, तेव्हा नळातली कोंडलेली हवा सुटावी म्हणून वाटेत उच्छ्वास बांधले होते. तिथे सुटत होती ती नुसती हवा. या मनोऱ्यातून सुटते ती विष घेऊन. म्हणून ती कोळशाच्या गाळणीतून सोडावी लागते. नाहीतर पाण्यातलं विष शेजाऱ्याच्या खिडकीत जायचं.

पुढे पाऊस झाला, वास गेला. "आता सुरू करू या," अशी कुजबुज झाली. पण बेंझिनने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा एक लाखावा भाग. नाकाला वास कळतो तो त्याच्या कितीतरी पट जास्त झाल्यावर. वास गेला म्हणजे विष गेलं, असं नव्हे.

वहिनींना मी एवढंच सांगितलं, "प्रयोगशाळेचा कागद येऊ द्या. तोवर टँकरच बरा."