रिकाम्या कॉम्प्युटरची इर्जिक
(रेडिओवरून झालेलं बोलणं)

औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला आपण सगळ्याच जातो. त्याच तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात ‘लायगो इंडिया’चं काम चाललंय, हेही आता पोराठोरांना माहीत आहे. केंद्र सरकारनं ६ एप्रिल २०२३ ला २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला अंतिम मंजुरी दिली. तिथं काटकोनात दोन लांब नळ्या असणार, प्रत्येक ४ किलोमीटरची. त्यांतून लेसरचा उजेड जाणार-येणार आणि आकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरींनी त्या नळ्यांची लांबी केसभर नव्हे, अणूच्याही आतल्या कणापेक्षा कितीतरी कमी बदलली तरी ते कळणार.

गेल्या महिन्यात बैठकीत एकीनं विचारलं, “एवढं मोठं यंत्र आपल्या उशाशी येतंय, त्यात आपला हात कुठं लागणार? आपण काय नुसतं रस्त्यावरून बघायचं?” उत्तर असं, की हात आजही लागू शकतो. आपल्या गटाच्या खोलीतला कॉम्प्युटर जेव्हा नुसता बसलेला असतो, तेव्हा त्याला या कामाला लावता येतं. ते कसं, आणि त्यावरून आमच्यात केवढी वादावादी झाली, तेच आज सांगते.

इर्जिक आठवते ना? एखाद्याचं रान मागं पडलं की गावातल्या बैलजोड्या एका दिवशी त्याच्या शेतात उतरायच्या. मजुरी नाही, पण घरधनीण सगळ्यांना जेवू घालायची. शास्त्रज्ञांनी कॉम्प्युटरची तशीच इर्जिक बसवली. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठानं ‘सेटी ॲट होम’ सुरू केलं. आकाशातून आलेल्या रेडिओ लहरींचे लहान लहान तुकडे करायचे आणि जगभरच्या लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर तपासायला पाठवायचे. पुढं त्याच विद्यापीठानं ‘बॉइंक’ नावाचा फुकट प्रोग्रॅम काढला. तो एकदा बसवला की आपण कुठल्या कामाला हातभार लावायचा, ते आपणच निवडायचं.

त्यातलं एक काम आपल्या दुधाळ्याच्या भावकीतलं आहे. त्याचं नाव ‘आइनस्टाइन ॲट होम’. ते २००५ मध्ये सुरू झालं, अमेरिकेतलं एक विद्यापीठ आणि जर्मनीतली मॅक्स प्लँक संस्था मिळून ते चालवतात. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथं लायगोची दोन यंत्रं आहेत. त्यांच्या नोंदी तुकड्या-तुकड्यानं स्वयंसेवकांच्या घरी जातात.

आता कुणी म्हणेल, त्यांच्याकडं मोठमोठे कॉम्प्युटर असताना आपला डबडा कशाला हवा? १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली गुरुत्वीय लहर सापडली, ती दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळल्याची होती. तो एक क्षणाचा दणका होता. ‘आइनस्टाइन ॲट होम’ शोधतं ते दुसरंच. मेलेल्या ताऱ्याचा गाभा भिंगरीसारखा गरगर फिरतो. त्याच्या अंगावर जरासा उंचवटा असेल, तर तो एकाच सुरात, अगदी बारीक आवाजात, वर्षानुवर्षं गुणगुणत राहील. महाशिवरात्रीला औंढ्याच्या गर्दीत कुणीतरी लांब तंबोऱ्याची एकच तार छेडतंय असं समजा. ती ऐकायची तर महिनोन्‌महिने कान लावून बसावं लागतं. त्यात आपली पृथ्वी स्वतःभोवतीही फिरते आणि सूर्याभोवतीही, त्यामुळं तो सूर थोडा वर-खाली होतो, जवळ येणाऱ्या आणि लांब जाणाऱ्या एसटीच्या हॉर्नसारखा. तारा कुठल्या दिशेला, सूर कुठला, तो किती मंदावतोय, काहीच माहीत नसतं. प्रत्येक शक्यता वेगळी धरून तपासायची. म्हणून हे काम संपता संपत नाही. असा सूर अजून एकदाही सापडलेला नाही, हेही मी आमच्या बैठकीत आधीच सांगितलं. उगीच आशेला लावायचं नाही.

पण वाटेत दुसरं घबाड लागलं. याच प्रकल्पात रेडिओ दुर्बिणीच्या नोंदीही तपासतात. २०१० मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एका माणसाच्या कॉम्प्युटरनं मिळून एक नवा फिरता तारा पकडला, सेकंदाला सुमारे ४१ फेऱ्या मारणारा. दोन घरं का, तर एकच तुकडा दोन वेगळ्या ठिकाणी पाठवतात आणि दोघांचं उत्तर जुळलं तरच ते खरं धरतात. आपण गटाचा हिशोब दोघींकडून तपासून घेतो, तसंच.

आता आमच्या भांडणाकडं येते. आमच्या खोलीत दोन जुने डेस्कटॉप आणि एक नवा लॅपटॉप आहे. फॉर्म भरणं, सातबारा काढणं, पोरींना टायपिंग शिकवणं, ही त्यांची कामं. गटातली एक बीएस्सी झालेली सून म्हणाली, “तिन्ही रात्रभर चालू ठेवू. दिवसाचं काम दिवसा, आकाशाचं रात्री.” आमच्या कोषाध्यक्ष ताई लगेच म्हणाल्या, “तारा सापडेल तेव्हा सापडेल. बिल दर महिन्याला सापडतं.”

मग वही काढली. १०० वॅटची वस्तू १० तास चालली की १ युनिट. समजा जुना डेस्कटॉप नुसता चालू असताना ५० वॅट खातो आणि या कामाला लागला की ८०. दिवसा तो आपल्या कामासाठी चालूच असतो, म्हणजे वरचा खर्च ३० वॅटचाच. ८ तास धरले तर पाव युनिटही होत नाही. महिन्याचे २५ दिवस धरून ६ युनिट, आणि युनिटला ८ रुपये धरले तर ४८ रुपये. रात्री मात्र तो फक्त यासाठीच चालू राहणार, तेव्हा सगळे ८० वॅट या कामाच्या नावावर. १० तासांचं ०.८ युनिट, महिन्याचे २४ युनिट, १९२ रुपये. एका मशीनचे! सूनबाई गप्प झाली. युरोपातले स्वयंसेवक म्हणतात की हिवाळ्यात कॉम्प्युटरच्या उष्णतेनं खोली ऊबदार राहते. आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याखाली ही ऊब कुणाला हवी आहे?

पण ती हरणारी नव्हती. तिनं पुढचा प्रश्न काढला, आणि माझ्या मते तोच खरा प्रश्न होता. किती तास चालवलं हे मोजायचं, का एका तुकड्याला किती वीज लागली हे मोजायचं? समजा नवा लॅपटॉप ३० वॅटवर एक तुकडा १० तासांत उरकतो. तर लागली ०.३ युनिट वीज. जुन्या डेस्कटॉपला त्याच तुकड्याला २४ तास लागतात. दिवसाचा वरचा ३० वॅटचाच खर्च धरला तरी झालं ०.७२ युनिट, दुपटीहून जास्त. रात्री चालवला तर १.९२, म्हणजे सहापटीच्या वर. म्हातारा बैल नांगराला जुंपून वर त्यालाच दुप्पट चारा घालायचा, त्यातलीच गत. जास्त मशीन लावली की जास्त मदत झाली, असं आम्हाला वाटत होतं. वही तसं म्हणेना.

तरी एका जुन्या मशीनवर आठवडाभर करून पाहिलं. चूक माझीच. मशीनचे चारही भाग, ज्यांना कोअर म्हणतात, मी या कामाला देऊन टाकले. मेमरी होती ४ जीबी. चार तुकडे एकदम सुरू झाले आणि मशीन हँग. नेमकी त्याच दिवशी एक बाई शेवटच्या तारखेचा फॉर्म भरायला आली होती. तो कसाबसा लॅपटॉपवरून भरला, पण तिचा उतरलेला चेहरा विसरत नाही. नंतर कळलं, की बॉइंकमध्ये किती कोअर द्यायचे ते ठरवता येतं, आणि आपण कॉम्प्युटर वापरत असलो की काम थांबव, असंही सांगता येतं. कमी मेमरीच्या मशीनवर चार तुकडे रडत-रखडत चालण्यापेक्षा दोन सुरळीत चालले तर काम लवकर निघतं.

लाईट गेली तर काय, हे तुम्ही विचारणारच. प्रोग्रॅम कुठवर आला ते अधूनमधून लिहून ठेवतो, त्यामुळं लाईट आल्यावर शेवटच्या नोंदीपासून पुढं सुरू होतो. मात्र प्रत्येक तुकड्याला मुदत असते, बहुधा १४ दिवसांची. मुदतीत उत्तर गेलं नाही तर तोच तुकडा दुसऱ्याला देतात आणि आपली जाळलेली वीज वाया. म्हणून हौसेनं ढीगभर तुकडे मागवून ठेवू नका.

मोबाईलवरही हे चालतं. तो चार्जिंगला असेल, वायफायवर असेल आणि बॅटरी भरत आली असेल, तेव्हाच काम करायचं अशी सोय मुळातच करून ठेवलेली आहे. तरी फोन तापतो. घरात एकच फोन असेल तर मी तरी नको म्हणेन.

दोन गोष्टी बजावून सांगते. या कामाचे पैसे मिळत नाहीत आणि द्यावेही लागत नाहीत. “कॉम्प्युटर चालू ठेवा, घरबसल्या कमवा” असं कुणी म्हणालं तर ते हे नव्हे. त्याच्या नादी लागू नका. आणि शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या मशीनवर विचारल्याशिवाय काही बसवू नका. वीज त्यांची आहे.

शेवटी इतिवृत्तात लिहिलं ते असं: फक्त लॅपटॉप, फक्त दिवसा, दोन कोअर, आणि एप्रिल-मे बंद. जुनी मशीन फॉर्मसाठीच. सूनबाईनं त्याखाली आपलं मत वेगळं नोंदवलं, की खोलीवर सोलर बसलं तर हा ठराव पुन्हा चर्चेला घ्यावा. कोषाध्यक्ष ताईंनी त्यावरही सही केली, आणि मीटरचं त्या दिवशीचं रीडिंग शेजारी लिहून ठेवलं.