आजोबांच्या जन्मनोंदीचा हक्क

गोव्यातल्या सासष्टी किंवा बार्देशातल्या कुठल्याही गावात चार घरांची चौकशी केली, तर त्यातल्या एखाद्या घरचा मुलगा लंडनच्या साउथॉलमध्ये नाहीतर स्विंडनमध्ये नोकरीला असतो आणि त्याच्या खिशात पासपोर्ट असतो पोर्तुगालचा. अनेकांनी लिस्बन पाहिलेलेही नसते. 'पोर्तुगीज झाला' असे गावात त्याच्याबद्दल म्हणतात, कधी कौतुकाने, कधी नाक मुरडून. नाक मुरडणाऱ्यांनी या गोष्टीचा साठ वर्षांचा प्रवास एकदा पाहायला हवा, असे मला मनापासून वाटते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. २८ मार्च १९६२ रोजी भारत सरकारने गोवा, दमण व दीवसाठी नागरिकत्वाचा आदेश काढला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी जो स्वतः किंवा ज्याचे आईबाप वा आजोबा-आजी या प्रदेशात जन्मले, तो भारतीय नागरिक झाला. ज्यांना आधीचे नागरिकत्व राखायचे होते, त्यांना एका महिन्यात तसे लेखी कळवायचे होते. असे कळवणाऱ्यांत मोंतेरो नावाचे एक धर्मगुरू होते. राहण्याच्या परवान्याची मुदत संपली तरी ते गोवा सोडून गेले नाहीत. गोवा हा व्याप्त प्रदेश आहे, जिनिव्हा कराराप्रमाणे मला येथून हलवता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ते फेटाळले. प्रदेश भारतात विलीन झाला तेव्हाच व्याप्ती संपली, असा निकाल लागला. जन्मगावी राहायचे तर भारतीय म्हणून किंवा परवान्यावर परदेशी म्हणून, हे तेव्हाच ठरून गेले.

तिकडे लिस्बनला मात्र गोवा गेलाच नव्हता. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने विलीनीकरण मान्य केले नाही, त्यामुळे पोर्तुगालच्या कायद्यात गोवेकर पोर्तुगीजच राहिला. एप्रिल १९७४ मध्ये तिथली हुकूमशाही कोसळली आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला दिल्लीत करार झाला. भारताच्या बाजूने सही केली परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाणांनी, पोर्तुगालच्या बाजूने त्यांचे परराष्ट्रमंत्री मारियो सोआरेश यांनी. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. पुढच्याच जूनमध्ये पोर्तुगालने वसाहतींतल्या लोकांच्या नागरिकत्वाचा कायदा केला. आफ्रिकी वसाहतींत जन्मलेल्या बहुसंख्यांचे नागरिकत्व त्याने काढून घेतले, पण पूर्वीच्या पोर्तुगीज भारतात जन्मलेल्यांना ते राखण्याची इच्छा कळवून राखता येईल, अशी तरतूद ठेवली. १९८१ च्या कायद्याने पोर्तुगीज आईबापाच्या परदेशी जन्मलेल्या मुलांनाही जन्म नोंदवून नागरिकत्वाचा दावा करता येऊ लागला. आज जो हक्क बजावला जातो तो या दोन कायद्यांचा आहे. पोर्तुगालने तो कुणावर मेहरबानी म्हणून दिलेला नाही, आणि गोवेकराने चोरून मिळवलेलाही नाही.

बराच काळ मात्र त्याची कुणाला फारशी ओढ नव्हती. तारवटी, म्हणजे खलाशी, बोटीवर जात, बाकीचे आखातात. पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात गेला, नव्वदच्या दशकात पोर्तुगीज कामगारांना इतर देशांत मोकळेपणी काम करता येऊ लागले आणि त्या जुन्या नोंदीला एकदम भाव आला. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्यावर तर घराघरांत कपाटे उघडली गेली.

कागदांचे काम सोपे नसते. आधी १९६१ पूर्वी जन्मलेल्या आजोबांची किंवा वडिलांची नोंद लिस्बनच्या केंद्रीय दप्तरात करायची, मग त्यांच्या लग्नाची, मग मुलाची. जुन्या दप्तरातली पोर्तुगीज हस्ताक्षरातली नोंद शोधायची. आजोबा तिथे 'पोरोबो' असतात आणि नातवाच्या शाळेच्या दाखल्यावर 'प्रभू'. 'सिनाई कामोती'चा पुढे नुसता 'कामत' झालेला असतो. चर्चच्या वहीतली बाप्तिस्म्याची तारीख आणि सरकारी दाखल्यावरची जन्मतारीख जुळत नाही. दोन्ही माणसे एकच, हे सिद्ध करताना प्रतिज्ञापत्रे, भाषांतरे, वकील, एजंट या सगळ्यांसाठी खिसा रिकामा करावा लागतो. हा हक्क हिंदू कुटुंबांनाही तितकाच आहे, आणि दमण-दीवच्या लोकांनाही. दमणहून गेलेल्यांची मोठी वस्ती लेस्टरला आहे.

मिळाले काय? ब्रिटन युरोपीय संघात असेपर्यंत तिथे व्हिसाशिवाय नोकरी, मुलांना सरकारी शाळा, आजारपणात सरकारी रुग्णालय. गोदामात रात्रपाळी करून का होईना, पण गावचे घर दुरुस्त झाले, बहिणींची लग्ने झाली. ज्या राज्यात पदवी घेतलेल्या मुलाला धड नोकरी नाही, तिथे याला लोभ म्हणणे मला पटत नाही.

गमावले तेही कमी नव्हे. पोर्तुगाल दुहेरी नागरिकत्व मानतो, भारत मानत नाही. घटनेच्या नवव्या अनुच्छेदाची आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याची भूमिका एकच आहे : स्वेच्छेने परके नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपले. म्हणून 'दुहेरी नागरिकत्व' हे एजंटांच्या पाटीवरचे शब्द फसवे आहेत. २००५ च्या दुरुस्तीनंतर मिळणारे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा आणि काही सवलती. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली राखता येते एवढेच. जानेवारी २०१७ मध्ये बंगळुरूला पोर्तुगालचे तेव्हाचे पंतप्रधान अंतोनियो कोश्ता यांना पंतप्रधान मोदींनी हेच कार्ड दिले. कोश्तांचे वडील मडगावात वाढलेले लेखक. त्या दिवशी गोव्यात आनंद झाला आणि तो रास्त होता.

पण गावातल्या सामान्य माणसाच्या वाट्याला तेच कार्ड एवढ्या सुखाने आले नाही. लिस्बनला नुसती जन्मनोंद झाली की नागरिकत्व गेले, की पासपोर्ट हाती आल्यावर, हा वाद वर्षानुवर्षे चालला. नोंदीची तारीख आणि पासपोर्टची तारीख यांत अंतर असते, आणि मधल्या काळात भारतीय पासपोर्ट वापरला तर माहिती लपवल्याचा ठपका येतो. २०२२ च्या अखेरीस पासपोर्ट परत केल्याचा दाखला देण्याऐवजी पासपोर्ट रद्द करण्याचे धोरण आले. तो दाखला नाही, म्हणून ओसीआय नाही. म्हाताऱ्या आईबापांना भेटायला यायचे तर साध्या व्हिसावर. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने रद्द केल्याचा आदेशही ओसीआयसाठी चालेल असे ठरवले, तेव्हा कुठे अनेकांना दिलासा मिळाला. हे आधीच व्हायला हवे होते.

दरम्यान ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला आणि तिथले दार बंद झाले. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत जे तिथे राहत होते त्यांनी वस्तीचा हक्क मागून घेतला, नंतर निघालेल्यांना पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे आपोआप नोकरी करता येत नाही. आयर्लंड, जर्मनी आणि संघातले बाकीचे देश उघडे आहेत. पण तिथे जायचे म्हणजे आयर्लंडसारखा अपवाद सोडला तर नवी भाषा शिकणे आले, आणि आधी गेलेल्या काका-मामाचे घर आधाराला असेलच असे नाही. आता दाव्याला निघालेल्या मुलांनी एजंटला पैसे देण्याआधी हा हिशेब मांडावा. शेत विकत घ्यायचे आहे का, सरकारी परीक्षा द्यायची आहे का, गावच्या निवडणुकीत मत द्यायचे आहे का, हेही त्याच कागदावर लिहावे.