बर्फात सायकल चालवताना पायात काय घालायचं?

आज फक्त बुटांबद्दल बोलू. शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेच्या उत्तर भागात, कॅनडात जाणाऱ्यांपैकी बरेच जण विचारतात, की गाडी घेईपर्यंत हिवाळ्यात सायकल जमते का? जमते. मी मिनियापोलिसमध्ये ऑफिसला सायकलनेच जातो. इथे मिडटाउन ग्रीनवे नावाचा जुन्या रेल्वेमार्गावरचा सायकलरस्ता आहे, त्यावरचा बर्फही नियमित काढला जातो. जॅकेट, टोपी, हातमोजे याचं सगळेच बघतात. गडबड होते ती पायांची.

का, ते आधी समजून घ्या. पेडल मारताना मांड्या आणि पोटऱ्या काम करतात, बोटं मात्र जागची हलत नाहीत. चालताना प्रत्येक पावलाला चवडा दुमडतो, रक्त खेळतं; सायकलवर तसं होत नाही. त्यात पाय सगळ्यात पुढे, थेट वाऱ्यात. हवा एकदम शांत असली तरी ताशी 20 किलोमीटरने निघालात की तेवढा वारा तुम्हीच तयार करता. उणे 15 तापमानाला या वेगात उघड्या त्वचेला उणे 24 सारखं लागतं. आणि शरीराला थंडी वाजली की ते आधी हृदय, फुप्फुसं सांभाळतं आणि हातापायांच्या टोकांचा रक्तपुरवठा कमी करतं. म्हणजे तुमच्याच शरीराने बोटांची सप्लाय लाइन कट केलेली असते.

आता बूट. पहिला प्रश्न ब्रँडचा नाही, पेडलचा आहे. पेडल दोन प्रकारची. एक साधी, सपाट. दुसरी क्लिपलेस. नाव फसवं आहे, कारण यातच बूट पेडलला अडकतो! बुटाच्या तळाला क्लीट नावाचा छोटा धातूचा तुकडा स्क्रूने बसवतात. हा तुकडा बरोबर चवड्याखाली येतो, आणि पोलादातून उष्णता रबरापेक्षा शेकडो पट सहज वाहते. थंडी शिरायला खालून दारच म्हणा ना. चांगल्या विंटर बुटात क्लीटच्या वर जाड इन्सुलेटेड इनसोल असतो, त्याचं कामच हे दार बंद करण्याचं. शिवाय बर्फातून चालून आलात की क्लीटमध्ये बर्फ ठासून बसतो आणि पाय पेडलला अडकतच नाही. तो टोकदार काहीतरी घेऊन खरवडावा लागतो.

माझं स्पष्ट मत सांगतो. रोजचं अंतर पाच-सहा किलोमीटर असेल तर सपाट पेडल घ्या, तीही ॲल्युमिनियमची नको, नायलॉनची. त्यावर बर्फात चालायचे साधे उबदार बूट घाला. घसरलात तर पाय लगेच खाली टेकता येतो, आणि तेच बूट घालून दुकानातही जाता येतं. वेगळे पैसे लागत नाहीत.

रोज पाऊण तास किंवा जास्त चालवत असाल, तर मात्र सायकलिंगचे खास विंटर बूट बघा. शिमानो, लेक, नॉर्थवेव्ह हे बनवतात. 45 नॉर्थ तर इथलाच ब्रँड. 45 अंश उत्तर अक्षवृत्त या शहराजवळून जातं, त्यावरून नाव. चांगल्या जोडीला 300 डॉलर किंवा त्याहून जास्त लागतात. डब्यावर ‘अमुक तापमानापर्यंत चालेल’ असं लिहिलेलं असतं. तो कंपनीचा अंदाज समजा. एखाद्याचे पाय मुळातच गार पडतात, त्याने त्या आकड्यात पाच-सात अंश सूट धरावी.

साइज हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. लोक काय करतात, नेहमीच्या मापाचा बूट घेतात आणि आत दोन जाड मोजे कोंबतात. मग बूट आवळला जातो, रक्तपुरवठा आणखी कमी होतो, आणि मोज्यांमधली हवाही दाबून निघून जाते. ऊब लोकर देत नाही हो, लोकरीत अडकलेली हवा देते! म्हणून किमान एक माप मोठा घ्या. दुकानात जाताना हिवाळ्यात घालणार तेच मोजे घेऊन जा, संध्याकाळी जा, कारण तोपर्यंत पाय थोडे सुजलेले असतात. बूट घातल्यावर बोटं आत मोकळी वळवळली पाहिजेत. वळवळत नसतील तर कितीही सेल असू दे, ठेवून द्या.

मोजे लोकरीचेच. सुती मोजा घाम पितो आणि ओला राहतो, आणि ओला मोजा उणे 10 ला वैरी. फारच थंडी असेल तर इथले लोक एक जुगाड करतात: आधी पातळ मोजा, त्यावर ब्रेडची रिकामी प्लास्टिक पिशवी, त्यावर लोकरीचा मोजा. घामाची वाफ बाहेरच्या थरात जात नाही, तो कोरडा राहतो. दिसायला भयंकर, पण चालतं.

बुटाची कॉलर घोट्याच्या वर हवी आणि पँट तिच्या बाहेरून यायला हवी, नाहीतर वितळलेलं पाणी सरळ आत. घरी आल्यावर इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा. हीटरवर ठेवू नका, तळाचा गोंद सुटतो. रस्त्यावर मीठ टाकतात, त्याचे पांढरे डाग ओल्या फडक्याने पुसून घ्या.

आता जे सांगतोय ते नीट ऐका. बोटं दुखतायत तोवर ठीक आहे, त्यांना अजून संवेदना आहे. खाली उतरा, दहा मिनिटं सायकल हातात धरून चाला. पण दुखणं अचानक थांबलं आणि अजून ऊब आलेली नाही, तर तो आराम नाही, धोका आहे. पहिल्या उघड्या दुकानात शिरा, बूट काढा, बोटं बघा. पांढरी, मेणासारखी, बधिर दिसली तर चोळू नका, हीटरला लावू नका. बधिर त्वचा भाजली तरी कळत नाही. कोमट पाण्यात, साधारण 37 ते 39 अंश, पाय बुडवा. पण परत थंडीत जावं लागणार असेल तर आत्ता ऊब देऊ नका, कारण वितळून पुन्हा गोठलं तर इजा जास्त होते. आणि रंग, संवेदना परत येत नसेल तर थेट डॉक्टरकडे.

पुढच्या भागात खिळ्यांच्या टायरबद्दल बोलू. तोवर बुटांबद्दल काही विचारायचं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, आणि पेडल कुठलं आहे ते आधी सांगा.