पाटीवर नाव बाईचं

कन्फ्युशियस हे नाव शाळेच्या इतिहासात एखाद्या ओळीत भेटतं आणि परीक्षा झाली की आपण विसरून जातो. ई. स. पूर्व ५५१ मध्ये चीनमधल्या लू राज्यात जन्मलेला हा शिक्षक. राज्य सुधारायचं तर आधी नावं नीट करा, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे राजानं राजासारखं वागावं, बापानं बापासारखं. नाव एक आणि काम भलतंच असलं की कारभार बिघडतो.

हे वाचलं आणि मला आपल्याकडच्या ग्रामपंचायती आठवल्या. पाटीवर नाव बाईचं. फोन लावला तर पलीकडून भारदस्त पुरुषी आवाज, "बोला, सरपंच बोलतोय!" बाईंना काही विचारलं तर त्या म्हणणार, "आमच्या मालकांना विचारा." सगळीकडे असंच आहे असं नाही, पण निलंग्याच्या बाजारात कुणालाही विचारा, अशी दोन-चार गावं सहज सांगतील.

एप्रिल १९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या झाल्या. नाव मिळालं ते असं.

पण त्याच १९९३ साली, ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली. ५२ गावं दुसरीकडे वसवावी लागली, आणि इतर अनेक गावांत तडे गेलेली घरं दुरुस्त करायची होती. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं ओझं. सरकारी मदत आली, पण ती कशी मिळवायची, भिंतीला आडवा पट्टा कशाला, लांब दगड कुठं बसवायचे, हे घरोघरी समजावणार कोण? लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात हे काम 'संवाद सहायक' म्हणून गावातल्याच बायकांनी केलं. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं त्यांना तयार केलं. ज्यांना कालपर्यंत चावडीसमोरून जाताना पदर ओढावा लागे, त्या गवंड्याला जाब विचारू लागल्या! खुर्ची नव्हती, पाटी नव्हती. लोक ऐकत होते, कारण ही बाई उद्याही आपल्याच गल्लीत दिसणार हे त्यांना ठाऊक होतं. राज्याला धान्य, सैन्य आणि लोकांचा विश्वास लागतो, पण यातलं शेवटी सोडायचं ते विश्वास, असं कन्फ्युशियस मानायचा, ते याचसाठी.

त्याच्या परंपरेत मुख्य नाती पाच: राजा-प्रजा, बाप-लेक, नवरा-बायको, थोरला-धाकटा भाऊ, मित्र-मित्र. बाई एकदाच, तीही बायको म्हणून. जावा नाहीत, सासू-सून नाहीत (आपलं तर अर्धं आयुष्य त्यातच जातं, बाई!). हे काही मला पटत नाही. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. धाकट्यानं ऐकायचं, तसं थोरल्यानंही आपलं कर्तव्य पाळायचं. नवऱ्यानं गाडीवर पंचायत समितीत सोडावं, कायदा समजावून सांगावा, त्यात वावगं काही नाही. खुर्ची मात्र तिची.

आणि मैत्रिणींनो, ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, असं कायदाच सांगतो. तिथं पाण्याच्या टाकीचा, नालीचा खर्च विचारा आणि उत्तर सरपंचबाईंनीच द्यावं म्हणा. पहिल्या वेळी अडखळतील, कागद उलटेसुलटे होतील. होऊ द्या. दारात कुणाचे मालक उभे असतील तर त्यांना चहाला पाठवा.